दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना

खोकला महिनाभर हटत नाही. घरचे डॉक्टर म्हणतात, "एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मग शेजारचे काका एक नाव सांगतात, शाळेतले सहकारी दुसरे सांगतात, मावशीचे तिसरेच असते. त्यातल्या एका डॉक्टरांनी क्षय म्हटला आणि दुसऱ्यांनी दमा, की घरात प्रश्न उभा राहतो : आता विश्वास कुणावर ठेवायचा? आणि दुसऱ्याचे मत घेतल्याचे कळले तर पहिल्या डॉक्टरांना राग नाही का येणार?

हे प्रश्न आजचे नाहीत. ते पुण्यात फार जुन्या काळापासून विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे मात्र काळाबरोबर बदलत गेली. ती कशी बदलली हे पाहिले, तर दुसरे मत कसे घ्यावे हेही आपोआप उमगते. म्हणून या लेखात आपण ती गोष्ट पाहू या.

पुणे, फेब्रुवारी १८८७

पुण्याच्या इतिहासात क्षयाने दोन तरुण माणसे अकाली नेली. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने वारले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. नंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात त्याच रोगाने गेल्या. त्यांना बावीस पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. १८८३ साली त्या एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. त्या कामावर त्यांना रुजूच होता आले नाही.

इथे एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आजारी पडलेली व्यक्ती स्वतः डॉक्टर होती. पुण्यात ससून रुग्णालय उघडून वीस वर्षे झाली होती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला होता, म्हणजे आनंदीबाई शिकायला निघण्याच्या वर्षभर आधीच. डॉक्टरी औषधे झाली, वैद्यांची झाली, अमेरिकेहूनही औषधे आली. मतांचा तुटवडा नव्हता. पण त्यांतले कोणते मत बरोबर आणि कोणते औषध उपयोगी, हे ठरवायचे कसे? त्यासाठी लागणारी साधने तेव्हा अर्धीमुर्धीच होती. रोग ओळखता आला असता, तरी तो बरा करणारे औषध जगात कुणाकडेच नव्हते.

हातगुण

मग लोक डॉक्टर किंवा वैद्य कसा निवडत? आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे : हातगुण. "त्यांच्या हाताला गुण आहे" असे म्हटले की पुढे काही विचारायचे नसे. आजही आपण असे म्हणतो. ज्याच्या औषधाने शेजारचा बरा झाला, त्याच्याकडे आपणही जायचे.

यात चूक काय, हे समजण्यासाठी बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने केलेली एक पाहणी उपयोगी पडते. १९६१ ते १९६८ या काळात या संस्थेने बंगलोरजवळच्या खेड्यांतील लोकांची वारंवार तपासणी केली. तेव्हा त्या भागात क्षयाच्या उपचारांची संघटित सोय नव्हती. ज्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले होते, त्यांचे पाच वर्षांनी काय झाले? जवळजवळ निम्मे मरण पावले होते. पण सुमारे एक तृतीयांश लोकांच्या बेडक्यातून जंतू नाहीसे झाले होते! उरलेले तसेच आजारी होते आणि इतरांना रोग देत होते.

आता कल्पना करा, की एखाद्या गावात तीन वैद्य आहेत आणि तिघांचीही औषधे सारखीच निरुपयोगी आहेत. तरी प्रत्येकाच्या तीन रोग्यांतला एक बरा होईल. बरे झालेले गावभर सांगत फिरतील, मेलेले काही सांगायला येणार नाहीत. एखाद्याकडे योगायोगाने दोन-तीन रोगी लागोपाठ बरे झाले, की त्याचा हातगुण पंचक्रोशीत गाजेल. रोगच असा चढउताराचा असेल, तर एका-दोघांच्या अनुभवावरून डॉक्टरची पारख करता येत नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाला याची जाणीव मुळीच नव्हती असे मात्र नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात "तद्विद्यसंभाषा" सांगितली आहे. तद्विद्य म्हणजे तीच विद्या शिकलेला. वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा करावी, त्याने ज्ञान वाढते आणि शंका फिटते, असा त्याचा आशय. या चर्चेचे दोन प्रकार आहेत : एकमेकांशी जुळवून घेत केलेली ती संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. दुसऱ्या मताची कल्पना, आणि त्यातला भांडणाचा धोका, दोन्ही तिथे आहेत. पण चर्चा करायची तर दोघांसमोर एकच वस्तू हवी. छातीच्या रोगात नेमकी हीच अडचण होती.

बंद पेटी

डोळा, जीभ, त्वचा दोन डॉक्टरांना एकाच वेळी पाहता येते. फुप्फुसे बारा बरगड्यांच्या जोड्यांमागे झाकलेली. या बंद पेटीत काय चालले आहे हे बाहेरून कळावे कसे?

पहिला उपाय सापडला ऑस्ट्रियात. ग्राझच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड औएनब्रुगर व्हिएन्नात डॉक्टर झाला. त्याने १७६१ साली लिहिले, की बोटांनी छातीवर ठोकले तर आवाजावरून आतले कळते. पिंप किती भरले आहे हे ठोकून पाहतात तसेच हे. निरोगी छाती पोकळ वाजते, आत पाणी साठले असेल तिथे आवाज बद्द येतो. समकालीनांनी त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले.

दुसरा उपाय १८१६ सालचा. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक यांच्याकडे एक तरुण बाई तपासायला आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट आला. पुढे सुरळीऐवजी लाकडी नळी आली. हा पहिला स्टेथोस्कोप.

लाएनेक यांचे खरे मोठेपण नळीत नाही, त्यांनी पुढे जे केले त्यात आहे. जिवंतपणी छातीत कोणता आवाज आला ते त्यांनी टिपून ठेवले. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून फुप्फुसात काय आहे ते पाहिले, आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. आपले मत चुकले का, हे तपासण्याची सोय डॉक्टरने स्वतःच करून ठेवली होती. १८१९ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि छातीच्या रोगांचे वेगळे शास्त्र उभे राहू लागले.

पुढे लाएनेक स्वतःच क्षयाने आजारी पडले. असे सांगतात, की त्यांनी आपला पुतण्या मेरिआदेक याला बोलावले, आपलीच नळी आपल्या छातीला लावायला सांगितली आणि काय ऐकू येते ते वर्णन करायला लावले. ते वर्णन त्यांना पुरते ओळखीचे होते. १८२६ मध्ये ते वारले. छातीचे सगळ्यात मोठे जाणकारही स्वतःसाठी दुसऱ्याच्या कानावर अवलंबून होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण नळीतला आवाज डॉक्टरच्या कानातच विरतो. पुतण्याने जे ऐकले ते तिसऱ्याला कसे दाखवायचे? आनंदीबाईंच्या आजारात त्यांची छाती चार जणांनी तपासली असती, तरी चौघांकडे आपापल्या कानाचीच साक्ष असती.

पिशवीतला फोटो

आनंदीबाई गेल्यानंतर आठ वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. क्ष-किरण हवेने भरलेल्या फुप्फुसातून सहज पार होतात, म्हणून फिल्मवर तो भाग काळा दिसतो. हाडे त्यांना अडवतात, ती पांढरी दिसतात. फुप्फुसाचा एखादा भाग रोगाने भरला, की काळ्यात पांढरा डाग उमटतो.

यामुळे एक नवी गोष्ट शक्य झाली. छातीची खूण कागदी पाकिटात घालून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेता येऊ लागली. सहा महिन्यांपूर्वीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी धरून पाहता येऊ लागली. आता तरी मतभेद संपतील, असेच सगळ्यांना वाटले.

झाले वेगळेच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत लाखो लोकांचे छातीचे फोटो काढले जात होते. फोटो काढण्याच्या चार पद्धती होत्या, त्यांतली सर्वांत चांगली कोणती हे ठरवायचे होते. म्हणून १,२५६ माणसांचे चारही पद्धतींनी फोटो काढून ते पाच तज्ज्ञांना वेगवेगळे वाचायला दिले. संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी या कामात होते. १९४७ साली निकाल प्रसिद्ध झाला. पद्धती-पद्धतींमध्ये फारसा फरक नव्हता, फरक होता तो वाचणाऱ्यांमध्ये! एकाने रोग आहे म्हटले ते दुसऱ्याने नाही म्हटले. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, तेच फोटो त्याच तज्ज्ञाला काही काळाने पुन्हा दिले, तर तो स्वतःशीच असहमत होत होता. रोग दाखवणाऱ्या फोटोंच्या बाबतीत, या आणि अशा पाहण्यांतून साधारण असे दिसले, की दोन तज्ज्ञांचा मतभेद एक तृतीयांश वेळा होतो आणि एकाच तज्ज्ञाचा स्वतःशी एक पंचमांश वेळा.

हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. निबंधाचे तेच वीस कागद पंधरवड्याने पुन्हा तपासले, तर गुण जसेच्या तसे पडतील का? डोळा थकतो, आधीच्या कागदाचा परिणाम होतो, संशयास्पद जागी मन एका बाजूला कलते. फोटो वाचणेही असेच आहे.

यातून निघालेला उपाय साधा होता. महत्त्वाचे फोटो दोघांनी वाचावेत, एकाने काय लिहिले ते दुसऱ्याला कळू नये, आणि मतभेद झाला तर दोघांनी एकत्र बसावे. दुसरे मत ही रोग्याची कुरकूर राहिली नाही, ती शास्त्राच्या पद्धतीचा भाग झाली.

औषधाचीही परीक्षा

त्याच सुमारास क्षयावर पहिले परिणामकारक औषध आले, स्ट्रेप्टोमायसिन. आता ब्रिटिश डॉक्टरांनी हातगुणाचा फास सोडवला. त्यांनी १०७ रोगी घेतले. कुणाला स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती मिळणार, कुणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या इच्छेवर न सोडता यदृच्छेने ठरवले. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते, न घेणाऱ्या ५२ पैकी १४. फोटोंचे काय? ते तिघांनी स्वतंत्रपणे वाचले आणि कोणता फोटो कोणत्या गटातला हे तिघांनाही माहीत नव्हते. १९४८ साली हा अहवाल आला. विश्रांतीच्या गटातही थोड्यांच्या फोटोत चांगली सुधारणा होतीच. तुलनेला तो गट नसता, तर ते श्रेयही औषधाच्या खात्यावर जमा झाले असते.

आपल्याकडे तोवर क्षयाचा मुख्य उपाय म्हणजे हवापालट. पाचगणीचे बेल-एअर, मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम ही नावे जुन्या पिढीच्या ओठावर होती. पुण्यात औंधला छातीच्या रोगांचे रुग्णालय झाले. ज्यांना परवडे ते महिनोन्महिने तिथे राहत, बाकीचे घरीच झिजत. क्षयरोग्याने घरी राहून बरे होणे अशक्य, याबद्दल डॉक्टरांचे जवळजवळ एकमत होते.

हे एकमतही तपासून पाहावे असे मद्रासमध्ये काही जणांना वाटले. १९५६ साली तिथे क्षयरोग्यांचे दोन गट केले. दोघांना औषधे तीच, फक्त एक गट आरोग्यधामात आणि दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात. घरच्यांना जेवण कमी, विश्रांती कमी, हवा कोंदट. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते, आणि घरातल्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. शंभर मोठ्या डॉक्टरांचे एकमत असले, तरी पुरावा वेगळे सांगू शकतो.

शंभर डॉक्टर, ऐंशी उपचार

इथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. जंतू माहीत, औषध माहीत, उपचाराची रीत माहीत. प्रत्यक्षात काय होते हे डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईत धारावी भागात जाऊन पाहिले. त्यांनी १०० खाजगी डॉक्टरांना विचारले, की क्षयाच्या रोग्याला तुम्ही कोणते उपचार लिहाल? १९९१ साली त्यांनी उत्तरे प्रसिद्ध केली : १०० डॉक्टरांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले होते. पुढे २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ उपचार.

यात बिघडले कुठे, हे एका गणिताने समजते. क्षयाच्या साधारण दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा साधारण दहा कोटींत एखादा. फुप्फुसात पोकळी पडली, की तिच्यात दहा कोटी जंतू सहज असू शकतात. नुसते आयसोनियाझिड दिले तर शंभरेक जंतू वाचतील आणि वाढतील. दोन्ही औषधे एकत्र दिली, तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू असण्याची शक्यता दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्ये, इतक्यांत एक. म्हणूनच क्षयाची औषधे एकत्र आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात.

आता समजा, एक रोगी पहिल्या डॉक्टरांची औषधे दोन महिन्यांनी सोडून दुसऱ्याकडे गेला. तिथे आधीचे काही सांगितले नाही. दुसऱ्यांनी थोडी वेगळी औषधे दिली, तीही बरे वाटताच सुटली. मग तिसरे. त्याला वाटते आपण तीन मते घेतली. खरे तर त्याने जंतूंना एकेका औषधाशी झुंजायची तीन वेळा संधी दिली. औषधांना दाद न देणारा क्षय असाच तयार होतो.

म्हणून "अनेक मते" आणि "दुसरे मत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे मत म्हणजे त्याच पुराव्याकडे दुसऱ्या जाणकाराने पाहणे, किंवा कमी पडलेला पुरावा मिळवणे. नुसता डॉक्टर बदलणे म्हणजे दुसरे मत नव्हे.

न विचारलेला प्रश्न

पुरावा नेहमी यंत्रातूनच येतो असेही नाही. आपल्याकडे क्षय इतका जास्त, की खोकला आणि फोटोतला डाग दिसला की क्षयच आठवतो. पण फुप्फुसाचे इतर रोगही आहेत. उदाहरणार्थ, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा रोग, ज्याला सीओपीडी म्हणतात, तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच मानला जाई. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईला धाप लागली, तर त्याचा विचारच होत नसे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे सर्वांचे लक्ष वेधले. अशा रोग्याला मोठी तपासणी लागत नाही. "स्वयंपाक कशावर करता?" हा प्रश्न आणि नळीत जोराने फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एवढ्याने बरेच काही कळते.

दुसरे उदाहरण फुप्फुसातल्या वायुकोशांच्या पडद्यांचे. ते सुजून कडक होण्याचे रोग अनेक प्रकारचे असतात. भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून अशा १,०८४ रोग्यांची नोंद केली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा आजार एकाच प्रकारचा निघाला : श्वासातून जाणाऱ्या एखाद्या गोष्टीची तीव्र प्रतिक्रिया. ती गोष्ट पक्ष्यांच्या पिसांचा व विष्ठेचा धुरळा असेल, बुरशी असेल, किंवा एअर कूलरमधून येणारा दूषित तुषार असेल. पुण्याच्या सोसायट्यांत गॅलरीत कबुतरांचा मुक्काम नवा नाही. "घरात कबुतरे येतात का?" हे पहिल्यांनी विचारले नसेल आणि दुसऱ्यांनी विचारले, तर निदान तिथेच बदलू शकते.

या रोगांमध्ये तर एकट्याने निदान करू नये असाच आता संकेत आहे. छातीचे डॉक्टर, फोटो वाचणारे आणि ऊतक तपासणारे असे तिघे एका टेबलाशी बसतात आणि एकत्र मत ठरवतात. चरकाची संधाय संभाषा ती हीच!

मग आपण काय करावे?

पहिले मत नीट घ्यावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी व्हायलाच हवी. ती सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते. फोटोवरून क्षयाचा संशय येतो, बेडक्यात जंतू दिसले की तो पक्का होतो. आता जंतूची जनुकीय तपासणी करून तो रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही हेही त्याच दिवशी कळू शकते. अशी तपासणी करणारे 'ट्रूनॅट' हे यंत्र आपल्या शेजारी गोव्यात तयार झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली.

छातीचे डॉक्टर निवडताना हातगुणापेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. श्वसनरोगांतले पदव्युत्तर शिक्षण आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का? निदान कशावरून केले ते समजावून सांगतात का? "माझे मत चुकले असेल तर ते कशावरून कळेल?" या प्रश्नाला रागावतात की उत्तर देतात? आमच्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लाएनेक यांनी तो स्वतःलाच विचारला होता.

दुसरे मत केव्हा घ्यावे? निदान मोठे असेल, शस्त्रक्रिया सांगितली असेल, ठरलेल्या मुदतीत गुण येत नसेल, किंवा बेडक्यात काही न सापडता केवळ फोटोवरून लांबचा उपचार सुरू झाला असेल तेव्हा. जाताना सर्व फोटो, जुनेसुद्धा, सर्व तपासण्यांचे कागद आणि आतापर्यंतच्या औषधांची तारखेवार यादी न्यावी. पहिल्या डॉक्टरांचे निदान लगेच सांगू नये, आधी दुसऱ्यांना स्वतः पाहू द्यावे. नंतर मात्र ते सांगून फरक का पडला हे विचारावे. आणि दोन मतांमधल्या दिवसांत चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

यात चोरट्यासारखे वाटण्याचे कारण नाही. २००२ सालच्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही दुसरे मत घेण्याचा हक्क आहे. सगळ्यांना खाजगी तज्ज्ञाची फी दोनदा परवडत नाही हे खरेच. त्यांच्यासाठी ससूनसारख्या रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग हेही दुसरे मतच आहे, आणि ते कमी प्रतीचे समजू नये.

वर्गात करून पाहा

शाळेच्या आवारातून एकाच झाडाची पन्नास पाने गोळा करा. काही डागाळलेली, काही चांगली, काही मधली असावीत. प्रत्येक पान कागदावर चिकटवून क्रमांक द्या. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखवता प्रत्येक पानासमोर "रोगट" किंवा "निरोगी" लिहावे. मग किती पानांवर मत जुळले ते मोजा. आठवड्याने त्याच दोघांना क्रम बदलून तीच पाने पुन्हा द्या. प्रत्येकाचे स्वतःशी किती जुळले? (तोवर पाने सुकून बदलतील, म्हणून दोन्ही वेळा दाबून वाळवलेली पानेच वापरा.) नुसते नाणे उडवून लिहिले असते तरी निम्म्या पानांवर मत जुळले असते, हे ध्यानात ठेवून आकड्यांचा विचार करा. शेवटी जिथे मतभेद झाला तीच पाने घेऊन दोघांना एकत्र बसवा आणि काय होते ते पाहा. येरुशाल्मींचा प्रयोग आपल्या वर्गात होईल.

आनंदीबाईंना १८८७ साली शंभर मते मिळाली असती तरी त्या वाचल्या नसत्या. कारण औषध यायला आणखी जवळजवळ साठ वर्षे होती. आज त्याच गावात त्याच रोगाने एखादी बाविशीतली मुलगी जाते, तेव्हा औषध नव्हते असे म्हणता येत नाही. निदान उशिरा झाले, किंवा चुकीचे झाले, किंवा औषधे तुकड्यातुकड्यांनी घेतली गेली, असेच बहुधा म्हणावे लागते. त्या तिन्ही ठिकाणी एका जाणकाराने वेळेवर दुसऱ्यांदा पाहिले असते तर फरक पडला असता. कपाटावरच्या त्या मोठ्या पाकिटातला जुना फोटो म्हणूनच टाकून देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तो लागेल.